पाडव्याला व्यालेली गाय

नाचणगावात रूपराव भोयराची ओळख सांगायची तर लोक म्हणत, याच्या हाती तुटकं चाक द्या, आठ दिवसांत ते नाचायला लागेल. आणि ते खरंच होतं. घराणं वाहितीचं. थोरला भाऊ नत्थूजी शेत बघायचा. रूपरावाला मात्र लहानपणापासून नांगरापेक्षा नांगराच्या खिळ्यातच जास्त रस, म्हणून तो पुलगावच्या गिरणीत फिटर म्हणून लागला. सकाळी सायकलीवर टांग टाकायची, दिवसभर यंत्रांशी झटायचं आणि येताना खिशात काहीतरी भंगार घालून आणायचं, असा त्याचा संसार. बोलायला कंजूष. पण दोरी ओढली की कुस्ती खेळणारे पैलवान, खालचं वजन झुलवलं की दाणे टिपणारा कोंबडा, कमरेतून वाकून पाणी वाढणारी बाई, असली खेळणी त्याच्या ओसरीवर रांगेनं उभी असत. आणि गावातली रिकामटेकडी माणसं कामं टाकून ती बघायला येत.

सगळ्यात गाजला तो त्याचा गोळीपाट. जेवायच्या पाटापेक्षा जरा मोठी फळी, एका अंगानं उचललेली, तिच्यावर खिळ्यांचं रान आणि बाजूला स्प्रिंगचा दट्ट्या. दट्ट्या ओढून सोडला की फुटक्या बेअरिंगमधला लोखंडी छर्रा सणकन वर जायचा आणि खिळ्यांवर ठेचकाळत खाली येऊन कुठल्यातरी घरात पडायचा. चांगली मिशीवाली माणसं त्या छर्ऱ्यावरून लहान पोरांसारखी भांडत. रूपराव मात्र दट्ट्या नुसता किती ओढला ते बघून छर्रा कुठल्या घरात पडणार ते सांगून मोकळा व्हायचा. लोक म्हणत, याला काही साधलेलं आहे. तो म्हणायचा, "खिळे मीच ठोकले ना बाप्पा." जगात जे काही हलतं त्याच्यामागे कुठेतरी खटका असतो, खटका सापडला की भीती संपते, एवढाच त्याचा देवधर्म होता.

त्याला एक मुलगा झाला. आधीची दोन मुलं तान्हेपणीच गेली होती, म्हणून तिसऱ्याचं नाव चिंधू ठेवलं. चिंधी कोण उचलून नेणार, असा त्यामागचा हिशेब. चिंधूसाठी रूपरावानं लाकडाचा नंदी केला. तान्ह्या पोळ्याला आपल्याकडे पोरं लाकडी नंदी सजवून घरोघर फिरवतात आणि बायका नंदीला ओवाळून पोरांच्या ओंजळीत बोजारा घालतात, मूठभर फुटाणे आणि खोबऱ्याचा तुकडा. बाकीच्या पोरांचे नंदी दोरीनं ओढावे लागत. चिंधूचा नंदी किल्ली दिली की मान डोलवत आपला आपण चालायचा. एक वर्ष चिंधूनं तो तोऱ्यात फिरवला. पुढच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याला ताप भरला आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या पाडव्याला, बाहेर पोरांचा गलका चालू असताना, पाच वर्षांचा चिंधू आईच्या मांडीवर गेला.

सणाच्या दिवशी घरात माणूस गेलं की त्या घराचा तो सण बंद होतो. आजही कित्येक घरांत पाळतात. त्या दिवशी गोडधोड करायचं नाही, तोरण बांधायचं नाही, गावानं त्या दारात थांबायचं नाही. आणि हा बंद वर्षाचा नाही, पिढ्यान्‌पिढ्यांचा. तो सुटायची एकच वाट असते. त्याच तिथीला त्या घरात मूल जन्माला यावं, नाहीतर गोठ्यात गाय व्यावी. एक जीव त्या दिवशी दारातून बाहेर गेला, तर त्याच दिवशी एक जीव आत यायला हवा.

चिंधू गेल्यावर पुढच्या चैत्रात सुलोचना झाली. पोरगी गुटगुटीत, बोलकी, बापाच्या मागे मागे फिरणारी. तिची आई लीलाबाई तिचं सगळं करायची. न्हाऊ घालायची, भरवायची, वेणी घालायची. पण वेणी घालताना तिची नजर पोरीच्या डोक्यावरून पलीकडे कुठेतरी लागलेली असायची. सुलोचना काहीबाही सांगत सुटली की लीलाबाई मधूनच म्हणायची, "चिंधू असाच बोले." पोरगी उठून बापाकडे यायची. रूपराव हे बघायचा, पण बायकोला काय सांगणार? तिची चूक दाखवायला तिनं चूक तरी काय केली होती?

तान्ह्या पोळ्याचा दिवस तर फारच वाईट. लीलाबाई सकाळीच दार लावून घ्यायची आणि आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायची. सुलोचना दाराच्या फटीला डोळा लावून उभी. बाहेरून नंदी जात, चाकं खडखडत, आणि त्यांच्या दारासमोर आली की पोरं आवाज बारीक करून भरभर पुढे जात. सहा वर्षांची झाली त्या वर्षी तिनं आईला विचारलं, "माय, आपल्या दारात काऊन नाई थांबत कोणी?"

"हा त्याचा दिवस हाय," लीलाबाई म्हणाली.

"मंग माहा कोणता हाय?"

लीलाबाईनं पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. ओसरीवर कानस घासत बसलेल्या रूपरावानं ते ऐकलं आणि त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. पोरीला तिचा दिवस मिळवून द्यायचाच, हे त्यानं मनाशी धरलं. आईनं एकदा तरी तिच्यासाठी तोरण बांधावं, तिला दारात उभी करून तिच्याकडे बघावं.

सरळ वाटेनं त्यानं आधीच खटपट करून पाहिली होती. गाभण गाय आणून बांधली, ती पोळ्याच्या आधीच व्याली. पुढच्या खेपेला दिवस मोजून आणली, तिनं सगळा पोळा आरामात रवंथ करत घालवला आणि मग केव्हातरी वासरू दिलं. खरी गाय काही पंचांग बघून व्यात नाही. गोळीपाटावर छर्रा उडवत बसलेला असताना रूपरावाच्या डोक्यात आलं, की जे ठरल्या जागी, ठरल्या वेळी पडतं ते आपल्याला करता येतं. मग गायच का करू नये?

ऐकणाऱ्याला हसू येईल. पण रूपराव हसण्यावारी नेणाऱ्यांतला नव्हता. शिवणीचं हलकं लाकूड आणून उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यानं मागच्या छपरीत कामाला हात घातला. सुटीच्या दिवशी नत्थूजीच्या गोठ्यात जाऊन तो व्यायला आलेल्या गाईसमोर उकिडवा बसायचा. ती पाय कसे फाकवते, शेपूट कशी उचलते, पाठ कुठे आखडते, मध्ये दम कसा घेते, सगळं बघत. नत्थूजीनं विचारलं, "काय करून राह्यला रे? सुईणीचं काम शिकतं का?"

"तसंच समज दादा."

गाय तयार झाली ती पाच वर्षांच्या पोराच्या उंचीची. पाठीवर वशिंडामागे एक भोक. त्यात छर्रा टाकला की तो पोटातल्या पन्हाळीतून वळणं घेत खाली उतरायचा आणि वाटेत एकेका पट्टीवर पडायचा. पहिल्या पट्टीनं शेपूट उचलायची, पुढच्या पट्टीनं मागचे पाय फाकायचे, मग पाठीची फळी थरथरायची. शेवटी छर्रा खटक्यावर पडला की खटका सुटायचा आणि घडी घातलेलं वासरू मागून सरकत पेंढ्यावर यायचं. मधल्या वळणांत छर्रा रेंगाळायचा, तेव्हा गाय नुसती उभी असायची. बघणाऱ्याला वाटावं दम खाते आहे. रूपरावाला स्वतःच्या कामाचं कौतुक करायची सवय नव्हती, पण हे बघून त्याच्याही अंगावर काटा आला.

एकदा छर्रा टाकून बघत असताना पाठीमागे चाहूल लागली. लीलाबाई छपरीच्या तोंडाशी उभी होती. त्याच्या खेळण्यांकडे तिनं सात-आठ वर्षांत ढुंकून पाहिलं नव्हतं. वासरू पेंढ्यावर पडेपर्यंत ती हलली नाही. मग म्हणाली, "हिले दुखते का?"

"लाकूड हाय ते."

"तसं नाई. थरथरून राह्यली होती ना ती, म्हणून इचारलं."

त्यानं तिला सगळं सांगितलं, हे कशासाठी चाललं आहे तेही. तिनं नुसतं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून मात्र गाईपुढे पाण्याचं घमेलं दिसायला लागलं. पोळा जवळ आला तशी ती दुपारची छपरीत जाऊन बसू लागली. एकदा सकाळी कामावर निघताना रूपराव गेला तर ती गाईच्या पोटाला तळहात लावून बसलेली.

"हालून राह्यलं," ती म्हणाली.

"छर्रे असतीन आतमंदी. लोळत असतीन."

ती हसली. किती वर्षांनी हसली होती, म्हणून त्याला बरं वाटलं. छर्रे सगळे डब्यात आहेत आणि डबा ओसरीवर आहे, हे त्याला सायकलीवर बसल्यावर आठवलं. ओल्या हवेनं लाकूड फुगतं, कुरकुरतं, असं त्यानं स्वतःला समजावलं आणि पायडल मारलं.

पाडव्याच्या सकाळी नत्थूजी साक्षीला आला, कारण घरातला वडीलधारा तोच. बंद सुटला की नाही हे त्यानंच म्हणायचं होतं. शेजारची शोभाबाई आणि आणखी दोघीतिघी बायका भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. लीलाबाईनं भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, पदर डोक्यावर ओढून घेतला. सुलोचनाला नवं परकर-पोलकं घातलं होतं, वेणीला लाल रिबीन, आणि ती बापाच्या धोतराला धरून उभी होती.

"पण रूपराव," नत्थूजी म्हणाला, "हे लाकूड. जीव असाले पाह्यजे ना?"

"तू कधी ऐकलं का दादा, जीव पाह्यजे असं? गाय याली पाह्यजे, वासरू झालं पाह्यजे, त्याच दिवशी झालं पाह्यजे आन घरातच झालं पाह्यजे, एवढंच हाय."

नत्थूजीनं डोकं खाजवलं. माणूस रूढीचा पक्का, पण पुतणीच्या डोळ्यांकडे बघून त्याचा पक्केपणा सैल झाला. "कर मंग," तो म्हणाला.

रूपराव गाईजवळ गेला. डब्यातून छर्रा काढून त्यानं मुठीत धरला. पोरांचा मेळा देवळासमोर जमायला लागला की छर्रा टाकायचा असं त्यानं ठरवलं होतं, म्हणून तो कान देऊन थांबला. आणि तेव्हा गाईची शेपूट उचलली गेली.

आधी त्याला वाटलं, धक्का लागला. मग मागचे पाय फाकले. पाठीची फळी थरथरली, थांबली. पुन्हा थरथरली. पन्हाळीतून उतरणाऱ्या छर्ऱ्याचा जो गडगड आवाज यायला हवा, तो नव्हता. रूपरावानं मूठ घट्ट केली. छर्रा आतच होता, गार, टणक, त्याच्या घामानं बुळबुळीत झालेला. समोर गाय दम खात उभी होती. त्यानं वळणं घातली होती त्याहून कितीतरी जास्त वेळ ती तशीच उभी राहिली. बायकांमधली एक नकळत स्वतःचं पोट धरून वाकली. मग एकदम फळी आखडली आणि वासरू सरकत पेंढ्यावर आलं.

लीलाबाई पुढे झाली. गोठ्यातल्या वासराला पुसतात तसं तिनं ते वासरू मांडीवर घेऊन पदरानं पुसलं. पदर ओला झाला. रूपरावानं खाली वाकून पाहिलं. तेल असेल म्हणून त्यानं पदराचा वास घेतला. तेलाचा वास नव्हता. तापात भिजलेल्या पोराच्या कपाळाला येतो तो वास होता, आणि तो त्याच्या चांगल्या ओळखीचा होता.

तोंड उघडायची वेळ तीच होती. मूठ उघडून दाखवली असती तरी पुरलं असतं. पण सुलोचना टाळ्या पिटत नाचत होती, शोभाबाई डोळे पुसत होती, आणि नत्थूजी घसा साफ करून म्हणत होता, "गाय याली. वासरू झालं. आजच्या दिवशी झालं. सण सुरू करा." लीलाबाईनं मान वर करून दाराकडे पाहिलं. तिचा चेहरा लग्नातल्यासारखा उजळला होता. आता काय बोलायचं? रूपरावानं मूठ खिशात घातली.

मग घाईच उडाली. माळ्यावरून चिंधूचा नंदी काढला, धूळ झटकली, बेगड लावली. किल्लीचा स्प्रिंग गंजून बसला होता, म्हणून नंदीला दोरी बांधली. लीलाबाईनं स्वतःच्या हातानं दाराला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. बायका सुलोचनाला घेऊन पुढे गेल्या. रूपराव मागच्या छपरीत परतला. त्यानं स्क्रू काढून गाईचं पोट उघडलं. पन्हाळी कोरडी होती. पट्ट्या जागच्या जागी. आणि खटका लागलेलाच होता, त्यानं सकाळी लावला होता तसाच. खटका लागलेला असताना वासरू बाहेर येऊच शकत नव्हतं, तेवढी फटच नव्हती. त्यानं ते वासरू पुन्हा आत घालून बघितलं, ओढून बघितलं, जोर लावला. मग तो तिथेच पेंढ्यावर बसून राहिला. आयुष्यभर खटके शोधलेला माणूस, आज खटका समोर होता आणि उपयोगाचा नव्हता.

ऊन कलायला लागलं तेव्हा सुलोचना परत आली. लीलाबाई दारातच पाट मांडून, ओवाळायचं ताट घेऊन बसलेली. रूपराव ओसरीवर आला. पोरगी घामाघूम, रिबीन सुटलेली, चेहरा आनंदानं फुललेला. परकराचा ओचा फुटाण्या-खोबऱ्यानं इतका भरला होता की तिला दोन्ही हातांनी धरावा लागत होता.

"एवढा बोजारा?" रूपराव म्हणाला. त्याला वाटलं, इतकी वर्षं थांबलेलं घर, म्हणून बायकांनी हात सैल सोडला असेल. तेवढ्यानं त्याला थोडा धीर आला.

"सगळ्याईनं दोन-दोन मुठी देल्ल्या," सुलोचना म्हणाली. "येक माही, येक त्याची."

"कोनाची?"

"माह्यासंगं होता त्याची. शोभामावशीनं इचारलं, हे पोरगं कोनाचं हाय? मले मालूम नोतं, तं मी म्हनलं आमच्याच घरचं हाय." ती जरा थांबली. "लहान हाय तो बाबा. माह्याहून लहान. त्याले नंदी ओढता येत नोता, म्हनून मी त्याचा हात धरला."

रूपरावानं अंगणात पाहिलं. कलत्या उन्हात पोरीची सावली लांब पडली होती, दोरीची पडली होती, नंदीची पडली होती. त्याहून जास्त काही नव्हतं. पण सुलोचनाचा डावा हात अंगापासून जरा दूर, खाली झुकलेला होता, आणि बोटं अर्धवट मिटलेली होती. ओचा ती आता एकाच हातानं धरून होती, आणि त्यातून फुटाणे गळत होते.

"लीला," तो म्हणाला, "आधी पोरीले ओवाळ. आज तिचा दिवस हाय."

लीलाबाईला ते ऐकूच गेलं नाही. तिनं ताट बाजूला ठेवलं आणि दोन्ही हात पुढे पसरले. जन्मात पहिल्यांदा आईनं असे हात पसरलेले सुलोचना बघत होती. ओच्यातलं सगळं अंगणात सांडून ती धावली आणि पायरीवर चढली. तेवढ्यात लीलाबाईनं तिच्या खांद्याला हात लावून तिला हलकेच कडेला सारलं.

"बाजूले हो माय," ती म्हणाली, "त्याले येऊ दे."

सुलोचनानं बापाकडे पाहिलं. मग ती भिंतीला पाठ लावून सरकली, एक लहान पोर जाईल एवढी जागा करून.